झाडे पळतात की गाडी?

धाराशिवहून आगगाडी लातूरकडे निघाली. खिडकीतून बाहेर पहा. झाडे मागे पळतात, विजेचे खांब मागे पळतात. शेजारचा माणूस मात्र जागचा हलत नाही. मग पळते कोण?

बांधावरचा शेतकरी म्हणेल, "गाडी पळते, आणि गाडीतली माणसेही पळतात." गाडीतला म्हणेल, "मी तर बसून आहे." दोघांचेही खरे. वेग सांगताना नेहमी विचारावे, कोणाच्या मानाने? गाडीच्या मानाने माणूस बसून आहे. जमिनीच्या मानाने तो ताशी ६० किलोमीटर वेगाने चालला आहे.

हे कोडे जुने आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने नावेचा दाखला दिला. नाव पुढे जाते, पण आतल्या माणसाला काठ मागे सरकताना दिसतो. तशीच पृथ्वी फिरते आणि आपल्याला तारे पश्चिमेला सरकताना दिसतात. आपली घरे, विहिरी, हवा, सारे पृथ्वीबरोबरच फिरते. म्हणून ते फिरणे कळत नाही.

वेळेचेही असेच आहे. १९०५ साली आइन्स्टाइन या शास्त्रज्ञाने सांगितले, की धावते घड्याळ उभ्या माणसाच्या मानाने हळू चालते. एस. टी.त हा फरक इतका थोडा, की हातातल्या घड्याळात दिसत नाही. पण मोबाइलवर वाट दाखवणारे उपग्रह फार वेगाने फिरतात. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. वेगामुळे उपग्रहाचे घड्याळ दिवसाला त्यांतले ७ भाग मागे पडते. उंचीमुळे ते ४५ भाग पुढेही जाते. हा हिशेब आधीच धरलेला असतो. तो धरला नाही, तर मोबाइल भलतेच गाव दाखवील!

आता जिवाची गोष्ट. आपण गाडीत स्वस्थ बसलो, तरी आपल्या अंगात गाडीचाच वेग असतो. चालत्या गाडीतून उतरले, की पाय जमिनीला टेकून थांबतो, पण वरचे अंग पुढेच जाते. माणूस तोंडावर आपटतो. कधी चाकाखालीही जातो. पूर्वी येडशीवरून बार्शी लाइटची छोटी गाडी जाई. तिच्या रुळांत अडीच फूट अंतर होते. ती संथ चाले. आताची मोठी गाडी तशी नाही.

रस्त्यावरही हाच हिशेब लागतो. आपण मोटारसायकलवर ताशी ६० ने निघालो, समोरून ट्रक ६० ने आला. एकमेकांच्या मानाने वेग झाला १२०. दोनशे मीटरवरचा ट्रक सहा सेकंदांत पुढ्यात येतो. "अजून लांब आहे" म्हणून बैलगाडी ओलांडायला जाऊ नये.

गाडी पुरती थांबू द्यावी, मगच पाय खाली टाकावा. अंगातला वेग दिसत नाही, पण तो असतो.