मोहोर कोणी तपासायची?

राहते घर बदलले की जुन्या पत्त्यावर आलेले पत्र टपालखाते नव्या पत्त्यावर धाडते. संगणकाच्या जगातही हे रोज घडते. एखादी आज्ञावली मागायला जावे, तर उत्तर येते, ‘माल इथे नाही, अमुक ठिकाणी जा.’ यालाच ‘रीडायरेक्ट’ म्हणतात.

मुक्त आज्ञावलींचे याच्यावाचून चालत नाही. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेली ‘डेबियन’ ही प्रणाली स्वयंसेवक सांभाळतात आणि फुकट वाटतात. तिच्या प्रती जगभरच्या विद्यापीठांनी व संस्थांनी आपल्या संगणकांवर ठेवल्या आहेत. मागणाऱ्याला सोयीच्या प्रतीकडे वळवले की भार वाटला जातो.

पण वाटेत कोणी माल बदलला तर? त्यावरही तोड आहे. प्रत्येक फाइलीवरून गणिताने ६४ अक्षरांची एक खूण काढलेली असते. फाइलीत एक अक्षर बदलले तरी खूण बदलते. या खुणांच्या यादीवर डेबियनची डिजिटल स्वाक्षरी असते. म्हणजे माल कोणाच्याही हातून येवो, मोहोर शाबूत असली की झाले!

जानेवारी २०१९ मध्ये या विश्वासालाच तडा गेला. डेबियनमध्ये माल आणून बसवण्याचे काम ‘ॲप्ट’ करते. त्यातला माल आणणारा भाग नवा पत्ता मुख्य भागाला नीट न पारखता कळवीत असे. त्या पत्त्यात नव्या ओळीचे चिन्ह दडवले, की पुढचा मजकूर वेगळाच निरोप ठरे: ‘माल मिळाला, खूण बरोबर आहे.’ खूण काढण्याचे कामही आणणाऱ्याकडेच असल्याने मुख्य भाग त्यावर विसंबे. वाटेत बसलेल्या लबाडाला अशा रीतीने संगणकाचा पूर्ण ताबा मिळू शकत होता.

२२ जानेवारीला डेबियनने इशारा आणि दुरुस्ती दोन्ही जाहीर केली. पण पंचाईत अशी, की दुरुस्तीही त्याच ॲप्टमार्फत यायची! म्हणून सांगितले गेले: एवढ्यापुरते रीडायरेक्ट बंद ठेवा. ज्यांचे त्याने अडेल, त्यांच्यासाठी फाइलींचे पत्ते आणि खुणा उघड छापल्या. हाताने आणा, स्वतः ताडून पाहा.

चूक झाकली नाही, हे मुक्त व्यवस्थेचे बळ. मात्र धडा साऱ्यांसाठी आहे. वाट दाखवणारा कोणीही असो, मोहोर ज्याची त्यानेच पाहावी. माल आणणाऱ्यालाच त्याची ग्वाही विचारली, तर तपासणीला अर्थ तो काय उरला?