टरफलाचा दिवस

सकाळी ८.००
वेंगुर्ला तालुक्यातलं छोटं काजूयुनिट. पत्र्याची शेड, भिंतीलगत ओळीने कटर. काकू पदर खोचतात, हाताला खोबरेल चोपडतात, वर चुलीतली राख. दोन्ही घरून आणलेलं. मालकाने दिलेले हातमोजे खिळ्याला टांगलेत.
“मोजे घातले काय बोटांक काय कळणा नाय.”
गर मोडला की दर पडतो. पैसे अख्ख्या गराचे.

८.३०
काल वाफवलेली बी रात्रभर पसरून निवलीय. काकू बी पात्यांमध्ये धरतात, पायाने पेडल दाबतात, दांडा ओढतात. टरफल उकलतं. समोरची बाई टोचणीने गर सोडवते. पुढची बी. बोलणं चालूच असतं, पाय थांबत नाही.

११.००
उजव्या अंगठ्याची कातडी काळी पडून सोललीय. टरफलाच्या दोन सालींमध्ये चीक असतो, तो बिब्ब्यासारखा उततो. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. भावकीतले गुण जातात कुठे? काकू अंगठ्याला पुन्हा तेल लावतात. हे तेल कुणी हिशेबात धरत नाही.

१.००
जेवणाची सुट्टी. हात धुवायचे तर आधी तेल चोळायचं, मग साबण. नुसत्या पाण्याने चीक हलत नाही. तरीही काकू भात चमच्यानेच खातात.

३.००
टेम्पो आला. १०० किलो बीमागे गर मिळतो २५ ते ३० किलो. उरलेलं बहुतेक टरफल. पूर्वी ते परसात पडून राहायचं. आता त्याच्या पोत्यांचं वजन होतं, आणि रुपया-आठ आण्यांवरून मालक आणि टेम्पोवाला बराच वेळ हुज्जत घालतात. टरफल तेलाच्या गिरणीत जाईल. तिथे एक्स्पेलरमधून वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं काळपट तेल निघतं. ते रंगात, व्हार्निशमध्ये, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जातं. होडीच्या लाकडालाही ते चोपडतात, कीड लागू नये म्हणून. उरलेली पेंड भट्टीत जळते.

५.३०
गराचं वजन. अख्खे वेगळे, तुकडे वेगळे. वहीत काकूंच्या नावापुढे दोन आकडे पडतात. पोत्यांच्या पैशांची वही दुसरी.

६.३०
बॉयलरवाले मामा उद्याच्या बीला वाफ देतायत. जळण म्हणून टेम्पोत न गेलेलं टरफल. भडकन पेटतं, पण धूर काळा, डोळ्यांत झोंबणारा. तेल काढलेली पेंड बरी जळते, मामा सांगतात; पण ती विकत आणावी लागते. टरफल घरचं.

तुम्ही चैत्रात ओले काजूगर सोलायला बसलात, तर आधी हाताला खोबरेल लावा. आणि तो हात डोळ्याला लावू नका.