रिंगणातले शिक्षण

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी एक नाचगाण्याची पार्टी झाली. ती भरवली होती सिंडी कॅम्पबेल या मुलीने. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजवायला तिचा जमैकात जन्मलेला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा इतिहास बहुधा याच रात्रीपासून सांगितला जातो. तिच्या मुळाशी शाळेचा खर्च होता, हे मात्र क्वचितच आठवले जाते. वर्गाबाहेर जन्मलेली ही कला वर्गात आणली तर काय साधते आणि काय निसटते, हे येथे पाहायचे आहे.

तेव्हाचे ब्राँक्स उद्ध्वस्त होत होते. रॉबर्ट मोझेस यांच्या आखणीतला क्रॉस-ब्राँक्स महामार्ग वस्त्या चिरत गेला आणि हजारो कुटुंबे विस्थापित झाली. १९७५ मध्ये शहराची तिजोरी आटली, हजारो शिक्षक कमी केले गेले आणि कलाशिक्षणाला मोठी झळ बसली. शाळेतली वाद्ये गेली म्हणून हिप-हॉप जन्मले, असे सर्रास म्हटले जाते. ते कालक्रमाला धरून नाही, कारण हर्कची पार्टी त्याआधीची आहे. पण ही कला वाढली ती मात्र याच टंचाईत.

साधने नसली तरी निरीक्षण होते. गाण्यातला केवळ तालाचा तुकडा आला की नाचणारे रंगात येतात, हे हर्कने हेरले. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून वाजवत त्याने तो तुकडा लांबवला. ग्रँडमास्टर फ्लॅश तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. पुढची तबकडी आधी आपल्याच कानात ऐकता यावी, अशी जोडणी त्याने केली. शाळेत मिळालेल्या विद्येला गल्लीत काम सापडले.

डीजेगिरी, रॅप, ब्रेक नृत्य आणि ग्राफिटी ही हिप-हॉपची चार अंगे. ती शिकण्याची जागा म्हणजे सायफर, अर्थात रिंगण. सगळे गोल उभे राहतात, एकजण आत येतो, आपले सादर करतो आणि परत कडेला जातो. आत्ताचा श्रोता पुढचा कलावंत असतो, त्यामुळे ऐकणे हीच तयारी. दुसऱ्याचे उचलून आपले म्हणून मांडणे येथे कमीपणाचे समजले जाते. म्हणजे अनुकरणातून शिकायचे, पण उभे राहायचे ते स्वतःच्या शब्दांवर. चूक झाली तर ती सर्वांसमोर होते आणि पुढच्या फेरीत सुधारायची संधीही सर्वांसमोरच मिळते.

शिक्षणशास्त्राने याची दखल घेतली. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये विद्यार्थ्यांच्या संस्कृतीशी सुसंगत अध्यापनाचे तीन निकष मांडले : मुलांनी अभ्यासात यश मिळवावे, आपली संस्कृती न सोडता मिळवावे आणि भोवतालच्या विषमतेला प्रश्न विचारावेत. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे ख्रिस्तोफर एम्डिन यांनी जिझा या रॅपरसह न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत विज्ञानावरील रॅपची स्पर्धा घेतली. तिची अंतिम फेरी २०१३ मध्ये झाली. पाठ केलेले उत्तर परीक्षेत चालून जाते. पण एखाद्या प्रक्रियेवर रूपक रचायचे, तर ती आधी समजावी लागते. सेंट पॉल येथे डेव्हिड एलिस यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या 'हायस्कूल फॉर रेकॉर्डिंग आर्ट्स'मध्ये तर ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओच शाळेच्या केंद्रस्थानी आहे.

मात्र पाढ्यांना ठेका लावला की झाले हिप-हॉप शिक्षण, असे नाही. तो केवळ कडू गोळीवरचा साखरेचा लेप. या गाण्यांतला स्त्रीद्वेष, हिंसेचा तोरा, पैशाचे प्रदर्शन यांचीही वर्गात चिकित्सा व्हायला हवी. मार्क लॅमॉन्ट हिल यांनी फिलाडेल्फियातील शाळेत हिप-हॉप साहित्य म्हणून शिकवले. मुले आपल्या जखमांविषयी बोलू लागली. पण 'खरे हिप-हॉप कोणाचे' या प्रश्नावर काहीजण बाजूलाही पडले. २००९ च्या पुस्तकात त्यांनी हे दोन्ही नोंदवले आहे. रिंगणही कोणाला तरी बाहेर ठेवू शकते.

मुंबईत कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन यांचे 'मेरे गली में' २०१५ मध्ये आले. २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटाने ही दुनिया घरोघरी पोहोचवली. २०१५ मध्येच 'धारावी ड्रीम प्रोजेक्ट'ने वस्तीतल्या मुलांसाठी रॅप, बीटबॉक्सिंग, ब्रेक नृत्य यांची मोफत शाळा सुरू केली. नोकरीच्या अर्जावर जो पत्ता लिहायला संकोच वाटतो, तोच रॅपमध्ये अभिमानाने पहिल्या ओळीत येतो. सक्षमीकरण म्हणतात ते येथून सुरू होते.

आपल्याला हे अगदीच परके नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात रात्रभर सवाल-जवाब रंगत आणि जागच्या जागी उत्तर रचावे लागे. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले अण्णाभाऊ साठे शाहिरीतून मुंबईची विषमता मांडत होते. या परंपरेतून मुंबईचा रॅप निघाला, असा दावा करता येणार नाही. पण मराठी शिक्षकाला रॅप आणि पोवाडा शेजारी ठेवून शिकवता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या कलासमावेशक शिक्षणात त्याला जागाही आहे.

धोरणातली जागा वेळापत्रकात उतरायची, तर कलेचा तास राखावा लागेल आणि वस्तीतून तयार झालेल्या प्रशिक्षकाला हौशी पाहुणा न मानता शिक्षकाचे मानधन द्यावे लागेल. दुसरा प्रश्न जागेचा. धारावीच्या पुनर्विकासात कोण पात्र, कोण अपात्र, कोण दूर जाणार, याची मोजणी चालते. घरांच्या त्या हिशेबात एखादी सामाईक खोलीही धरायला हवी. ब्राँक्समध्ये सारे सुरू झाले ते तशाच एका खोलीत.