कंपनी म्हटली की खासगीच?

‘लाइट कंपनीला विकली, पाणी परदेशी लोकांना दिलं,’ असं बेळगाव भागात बेळगुंदीपासून निपाणीपर्यंत लोक बोलतात. त्यातला राग खरा आहे, पण माहिती बरीचशी चुकीची.

आपल्याला वीज पुरवणारी हेस्कॉम खासगी आहे, असं कितीतरी लोक धरून चालतात. प्रत्यक्षात 2002 मध्ये स्थापन झालेली ही कंपनी कर्नाटक सरकारच्या मालकीची आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात वीज पुरवणाऱ्या महावितरणचंही तेच. 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं, मालक महाराष्ट्र सरकारच राहिलं. विजेचा दरही हेस्कॉम आपल्या मर्जीने वाढवू शकत नाही. ती प्रस्ताव मांडते, राज्य वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेऊन निर्णय देतो. साध्या ग्राहकालाही तिथे लेखी हरकत घेता येते. आपल्या भागातून अशा हरकती जास्त जायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं. आणि कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत शून्य बिल येतं म्हणजे वीज फुकट पडते असं नाही. ते पैसे सरकारी तिजोरीतून भरले जातात.

पाण्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. बेळगुंदीजवळच्या राकसकोप जलाशयातून आणि हिडकल धरणातून बेळगाव शहराला पाणी जातं. जागतिक बँकेच्या कर्जातून शहराच्या काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, 2008 पासून तिथे अखंड पाणी सुरू झालं. ते चालवायला व्हिओलिया ही फ्रेंच कंपनी आली. पुढे साऱ्या शहराचं काम एल अँड टीकडे गेलं. पण धरण किंवा जलवाहिन्या यांपैकी काहीही विकलं गेलं नाही. मालकी सार्वजनिकच राहिली, कंपनीला ठरलेल्या कामाचा मोबदला मिळाला.

चोवीस तास पाणी म्हणजे श्रीमंतांचे चोचले, हाही समज घट्ट आहे. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी सुटतं, तेव्हा मधल्या काळात पाइपात दाब नसतो. जिथे जोड सैल असेल तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपतं आणि पहिल्या धारेबरोबर घागरीत येतं. म्हणून पहिली बादली अंगणात ओतायची सवय घरोघरी असते. दाब कायम राहिला तर गळतीतून पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. हा फायदा दाबाचा आहे. नीट चालवली तर महापालिकाही तो देऊ शकते. खासगी ठेक्याबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे: कंपनीने काय कबूल केलंय, गळती किती दिवसांत काढायची, नाही काढली तर दंड किती, हे प्रत्येक वॉर्डात कन्नड आणि मराठीत लावलेलं असायला हवं.

सरकारी किंवा खासगी, एवढेच दोन पर्याय असतात हेही खरं नाही. बेळगावहून निपाणीकडे जाताना वाटेत लागणाऱ्या हुक्केरी तालुक्यात सहकारी संस्था वीज पुरवते. वीज बाहेरून विकत घ्यायची, तारा आणि बिलं आपण सांभाळायची, आणि ग्राहकांनीच सभासद व्हायचं, अशी ही पद्धत. 1969 च्या सुमारास देशात अशा ज्या पहिल्या पाच संस्था निघाल्या, त्यांत हुक्केरीबरोबर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली मुळा-प्रवराही होती. मुळा-प्रवराकडे महावितरणची थकबाकी डोंगराएवढी झाली आणि 2011 मध्ये त्या संस्थेचा परवाना संपून तो भाग महावितरणकडे गेला. मालक सभासदच होते, तरी थकबाकी कुणी रोखली नाही. हुक्केरीची संस्था मात्र अजून चालू आहे आणि संचालक मंडळाच्या निवडणुका तिथे चुरशीने लढवल्या जातात.