वॉरंटी संपली, लॅपटॉप नाही!

वॉरंटी संपल्यावर लॅपटॉपने मान टाकली, की काउंटरवरचा ‘बोर्ड बदला’ हा सल्लाच अंतिम मानायचा? खिशातले पैसे जाण्याआधी काय तपासायचं, काय विचारायचं आणि दाद कुठे मागायची?

लॅपटॉपला कॅलेंडर कळतं, असा बऱ्याच जणांचा पक्का समज आहे. वर्षभराची वॉरंटी संपते आणि महिन्या-दोन महिन्यांत साहेब रुसतात. कधी स्क्रीनवर रेघा, कधी चार्जिंगच होत नाही, कधी बिजागरी निखळते. तेही नेमकं सबमिशनच्या आठवड्यात!

मग सर्व्हिस सेंटरची वारी. टोकन घ्या, बसा, नंबर आला की काउंटरवरून ठरलेलं वाक्य ऐका : ‘आउट ऑफ वॉरंटी आहे, मदरबोर्ड बदलावा लागेल.’ त्यापुढचा आकडा ऐकला की पहिला प्रश्न पडतो, घरी फोन कसा करायचा? लातूर, नांदेड, बुलढाण्याहून पुण्यात शिकायला आलेल्या कितीतरी मुलामुलींचा लॅपटॉप घरच्यांनी हप्त्यावर घेतलेला असतो. वॉरंटी संपलेली असते, हप्ते संपलेले नसतात.

म्हणून हो म्हणण्याआधी जरा थांबा.

आधी घरच्या घरी

लॅपटॉप सुरूच होत नाही म्हणजे बोर्डच गेला, असं नसतं. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग चार्जर लावून सुरू करून बघा. आत अडकून राहिलेली वीज निघून गेली की काही लॅपटॉप एवढ्यानेही जागे होतात. त्याच मॉडेलचा मित्राचा चार्जर लावून पाहा. स्क्रीन काळी पण पंखा आणि दिवे चालू असतील, तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. तिथे चित्र नीट दिसलं तर दोष बहुधा स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा असतो. हा खर्च बोर्डाच्या मानाने बराच कमी.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. टचपॅड वर उचललेला दिसतोय, खालचं झाकण फुगलंय, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा प्रयोग करायचे नाहीत. चार्जिंग बंद करा, दाबू नका, टोचू नका, थेट जाणकाराकडे न्या.

मशिनआधी डेटा

लॅपटॉप नवा घेता येतो, दोन वर्षांचं प्रोजेक्ट नाही. लॅपटॉप सुरू होत असेल तर दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या. होत नसेल आणि एसएसडी सुटी निघत असेल, तर ती काढून स्वतःकडे ठेवता येईल का, हे विचारा. काही पातळ मॉडेल्समध्ये स्टोरेज बोर्डलाच सोल्डर केलेलं असतं. तिथे बोर्ड बदलला की डेटा गेलाच. हा प्रश्न आधी विचारायचा, नंतर नाही.

विंडोज वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बोर्ड बदलल्यावर लॅपटॉप बिटलॉकरची रिकव्हरी की मागतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन केलं असेल तर ती बहुधा त्या अकाउंटवर मिळते. आधीच लिहून ठेवा.

बोर्डच का बदलायचा?

अधिकृत सेंटर बहुतेकदा एक छोटा भाग शोधून दुरुस्त करत बसत नाही, अख्खा बोर्ड बदलतं. त्यांची पद्धतच तशी. पण चार्जिंग होत नाही यामागे कधी नुसता चार्जिंग पोर्ट सैल झालेला असतो, कधी बोर्डावरचा एखादा छोटा पार्ट उडालेला असतो. अशी ‘चिप लेव्हल’ दुरुस्ती करणारे कारागीर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत आणि आता जिल्ह्याच्या गावीही आहेत. दुसरं मत घ्यायला लाजायचं कशाला? डॉक्टरचं घेतोच की!

दुकान कुठलंही असो, नियम तेच. लॅपटॉप हातात देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जॉबशीटवर सीरियल नंबर, तक्रार आणि सोबत दिलेल्या वस्तू लिहून घ्या. खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि ‘विचारल्याशिवाय काम सुरू करू नये’ असं त्यावर नमूद करा. बदललेला जुना पार्ट परत मागा. नव्या पार्टवर किती दिवसांची वॉरंटी, ते बिलावर लिहून घ्या. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ या मोहात पडू नका. बिल न देणं ही ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि दुरुस्ती बिघडली तर भांडायला तोच कागद लागतो.

दोष तुमचा की कंपनीचा?

लॅपटॉप हातातून पडला, त्यावर चहा सांडला, तर कंपनीकडून फुकट दुरुस्तीची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. पण नीट वापरलेल्या लॅपटॉपचा तोच भाग पुन्हा पुन्हा जात असेल, किंवा त्याच मॉडेलच्या अनेकांची तीच रड असेल, तर गोष्ट वेगळी.

अशी उदाहरणं आहेत. अ‍ॅपलच्या मॅकबुकमधले ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड आठवताहेत? बटणं अडकायची, एक अक्षर दोनदा उमटायचं. तक्रारी वाढल्यावर कंपनीने जून २०१८ मध्ये सर्व्हिस प्रोग्राम जाहीर केला. ठरावीक मॉडेल्सना खरेदीपासून चार वर्षं कीबोर्ड मोफत दुरुस्त करून मिळणार होता. आधी पैसे भरून दुरुस्ती केलेल्यांना परताव्यासाठी कंपनीकडे जाता येत होतं. त्याआधी २००६ मध्ये डेलने आग लागण्याच्या धोक्यामुळे सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलसाठी रिकॉल किंवा सर्व्हिस प्रोग्राम आहे का, ते सीरियल नंबर टाकून तपासा. काउंटरवर स्वतःहून कुणी सांगेलच, असं नाही.

प्रोग्राम नसला तरी मागायला हरकत नाही. वॉरंटी नुकतीच संपली असेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. खरेदीची तारीख, बिघाड कधी सुरू झाला, आधी किती वेळा दुरुस्ती झाली आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, एवढंच लिहा. वॉरंटीत असतानाच हा बिघाड नोंदवला असेल तर ती जॉबशीट जोडा. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद तोच. सवलत म्हणून कंपनी कधी फक्त पार्टचे पैसे घेते, कधी मजुरी सोडते. चिडून लिहिलेल्या चार पानांपेक्षा तारखांसकट लिहिलेल्या दहा ओळी जास्त काम करतात.

नाहीच ऐकलं तर?

पहिली पायरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नंबर १९१५. तक्रार नोंदवली की ती कंपनीपर्यंत पोचवली जाते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण काही प्रकरणं इथेच मिटतात.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ‘ग्राहक संरक्षण कायदा २०१९’ जुलै २०२० पासून लागू झाला आणि आपल्यासारख्यांची मोठी सोय झाली. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. दोष सिद्ध झाला तर आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत किंवा नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. फ्रीलान्सिंग करून पोट भरणाऱ्यांनीही बिचकू नये. स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहकच ठरता.

पण दोन गोष्टी स्पष्ट असू द्या. एक, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दोन, वॉरंटी संपल्यावर दोष मुळातच होता, हे दाखवायची जबाबदारी मुख्यतः तुमच्यावर येते. त्यासाठी तंत्रज्ञाचा लेखी अहवाल लागतो, गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवतो. निकाल आठवड्याभरात लागत नाही. परीक्षा तोंडावर असेल तर कुणाचा तरी लॅपटॉप उसना घेऊन पेपर आधी उरका.

सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलंय. दुरुस्ती, सर्व्हिस सेंटर, वॉरंटी यांची कंपन्यांनी दिलेली माहिती तिथे एकत्र मिळते. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, पण काउंटरवर जाण्याआधी चाळून जायला चांगलं.

दुरुस्त करू की नवा घेऊ?

साधा हिशोब करा. दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या लॅपटॉपच्या निम्म्यावर जात असेल आणि मशीन पाच-सहा वर्षं जुनं असेल, तर तो पैसा नव्याकडे वळवलेला बरा. लॅपटॉप नुसताच संथ झाला असेल तर मात्र घाई नको. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम वाढवली, पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलली, तर जुनं मशीन आणखी दोन-तीन वर्षं खेचतं. आणि टाकायचाच ठरला तर भंगारात नको, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. डिस्क पुसून.

आज लॅपटॉप ठणठणीत असेल तर पाच मिनिटं काढा. बिलाचा फोटो आणि सीरियल नंबर स्वतःला ईमेल करा, वॉरंटी संपायच्या महिनाभर आधीचं रिमाइंडर लावा. त्या महिन्यात बारीकसारीक जे काही खटकतंय, ते सगळं सर्व्हिस सेंटरला नोंदवून या. जॉबशीट जपून ठेवा. घरी फोन करायची वेळ आलीच, तर निदान आकड्यासोबत सांगायला चार पर्याय हातात असतील.