कोरा राजीनामा

मुलास अगर सुनेस शाळेंत नोकरी लागली म्हणजे घरांत पेढे येतात, देवापुढें नारळ ठेवला जातो, आणि पगाराचा आंकडा आल्यागेल्यास मोठ्या कौतुकानें सांगितला जातो. नेमणुकीचा कागद मात्र कोणी धड वाचीत नाहीं. आमच्या वऱ्हाडांत, आणि वऱ्हाडांतच कशाला, इतरत्रही, कित्येक ठिकाणीं त्याच दिवशीं उमेदवारापुढें दुसराही एक कागद सरकविला जातो. 'मी स्वखुषीनें राजीनामा देत आहें' एवढाच त्यांतील मजकूर. खालीं सहीस जागा आणि तारखेची जागा कोरी. "नुसता रिवाज आहे हो, सर्वांनींच केला आहे," असें कारकून हंसत सांगतो. नोकरीची निकड असलेला तरुण सही करतो आणि तो कागद संस्थेच्या कपाटांत जाऊन निजतो. पुढें मुख्याध्यापकांची मर्जी फिरली, किंवा चिटणीसांच्या भाच्यास जागा हवीशी झाली, कीं तो जागा होतो. तारीख पडते आणि बारा वर्षें इमानानें शिकविणारा गृहस्थ एका सकाळीं 'स्वखुषीनें' बेकार ठरतो.

संस्कृत शिकविण्यांत ज्यांची हयात गेली, त्या आमच्यासारख्यांस येथें व्याकरण आठवल्यावांचून राहत नाहीं. 'देणें' हें एक क्रियापद आणि 'देवविणें' हें त्याचें प्रयोजक रूप. कर्ता कोण, हा सारा वाद एवढ्या दोन अक्षरांच्या फरकाचा आहे. आणि गंमत अशी कीं, हा फरक आमच्या कायदेकारांसही कळला होता. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 या नांवाचा जो कायदा 15 जुलै 1981 पासून अमलांत आला, त्याचें सातवें कलम केवळ राजीनाम्याविषयीं आहे. ज्याला राजीनामा द्यावयाचा असेल त्यानें तो दोन प्रतींत लिहावा, दोहोंवर सही करावी, तारीख घालावी, एक प्रत नोंदणी टपालानें व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी, असें तें सांगतें. टपालखात्याचा शिक्का खोटी तारीख स्वीकारीत नाहीं. कपाटांतून निघालेल्या कागदास असा शिक्का नसतो, आणि खटल्यांत नेमका हाच मुद्दा पुढें येतो. सही पूर्वीं करून बसलेल्यांनींही म्हणून हातपाय गाळूं नयेत.

या कायद्यापूर्वीं माध्यमिक शाळांची संहिता होती. पण ती शासनाच्या सूचनांची वही, तिला कायद्याचें बळ नव्हतें. आम्ही नोकरींत शिरलों तेव्हां नवा कायदा येऊन थोडींच वर्षें झालीं होतीं, आणि शिक्षकांच्या खोलींत त्याची एकुलती एक मळकी प्रत हातोहात फिरे. आतां तो सर्वत्र मिळतो, आणि मळण्याइतका कोणी हाताळीत नाहीं! अनेकांचा असा समज आहे कीं, हें संरक्षण अनुदानित शाळांपुरतेंच आहे. तसें नाहीं. अनुदान असो वा नसो, राज्यांतील खाजगी शाळांना हा कायदा लागू केलेला आहे. अकोटसारख्या तालुक्याच्या गांवींही आतां विनाअनुदान इंग्रजी शाळा निघाल्या आहेत. तेथें तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या आपल्या मुलीसुनांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

कायम शिक्षकास वरिष्ठाच्या मनांत आलें म्हणून घरीं बसवितां येत नाहीं. 1981 च्या नियमांप्रमाणें प्रथम आरोप लेखी कळवावे लागतात, खुलासा मागवावा लागतो, आणि मोठी शिक्षा द्यावयाची तर तिघांची चौकशी समिती नेमावी लागते. शिक्षकाच्या बाबतींत त्यांतला एक संस्थेचा, एक खुद्द आरोप असलेल्या शिक्षकानें खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांतून निवडलेला, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादींतला. आपला माणूस नेमण्याचा हा हक्क पुष्कळ जण रागाच्या भरांत सोडून देतात. "या नाटकांत मी भाग घेणार नाहीं" असें म्हणावयास बरें वाटतें. परंतु मग उरलेले दोघेच नाटक पुरें करतात.

गोपनीय अहवालाचा बागुलबुवाही असाच. त्यांत प्रतिकूल शेरा मारला असेल तर तो मुदतींत संबंधितास कळविलाच पाहिजे. कळविला नाहीं, अथवा अहवालच लिहिला नाहीं, तर त्या वर्षाचें काम समाधानकारक होतें असें नियम पंधराप्रमाणें समजावयाचें असतें. "तुमचा अहवाल माझ्या हातांत आहे" अशी धमकी देणाऱ्या साहेबांनीं हा नियम वाचलेला नसतो, किंवा आपण वाचलेला नाहीं हें त्यांना ठाऊक असतें.

आतां खरी अडचण सांगतों, आणि ती शाळेंत नसून आपल्या घरांत आहे. नोकरीवरून काढलें, पद उतरविलें, किंवा बढतींत डावललें, तर कलम नऊप्रमाणें शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतां येतें. आमच्या भागाचें न्यायाधिकरण अमरावतीस आहे. मुदत मात्र आदेश हातीं पडल्यापासून अवघी तीस दिवसांची. हे तीस दिवस आपल्या एकत्र कुटुंबांत कसे जातात तें पाहावें. पहिला आठवडा ही गोष्ट वडिलांपासून लपविण्यांत जातो. दुसऱ्यांत काका म्हणतात, "थांबा, अध्यक्षांच्या मेहुण्यांशीं माझी ओळख आहे." तिसऱ्यांत मेहुणे गांवीं नसतात. चौथ्यांत आजी सांगते कीं, कोर्टाची पायरी आपल्या घराण्यानें कधीं चढलेली नाहीं. आमच्या एका सोबत्याचें हेंच झालें. माणूस शांत, गणिताचा उत्तम शिक्षक. भल्या लोकांनीं मध्यस्थीच्या आशेवर त्याचे पांच महिने घालविले. उशीराचें कारण पटल्यास न्यायाधिकरण तो माफ करूं शकतें हें खरें. पण "काकांनीं थांबावयास सांगितलें" हें कारण सांगतांना वकिलासही संकोच वाटला. मध्यस्थी अवश्य करावी, पण अपील दाखल करून मग.

तेथें गेल्यावर प्रथम पाहिलें जातें तें हें कीं, शाळा मान्यताप्राप्त आहे काय आणि नेमणूक नियमानुसार झाली होती काय. म्हणून पेढ्यांच्या दिवशीं जो कागद वाचावयाचा राहिला, तोच येथें तारतो किंवा बुडवितो. निकाल बाजूनें लागल्यास पूर्वपदावर घेण्याचा व थकलेलें वेतन देण्याचा आदेश होऊं शकतो. परत घेणें योग्य न वाटल्यास दहा वर्षें किंवा अधिक सेवा झालेल्यास बारा महिन्यांचें, आणि त्याहून कमी सेवेस सहा महिन्यांचें वेतन भरपाई म्हणून देववितां येतें. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत त्याहून पुष्कळ अधिक काळ घरच्यांनीं हिशेबांत धरावा.

हा कायदा सर्व दुखण्यांवर औषध आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. वर्गासमोर केलेला अपमान, मुद्दाम दिलेला शेवटचा तास, रजेच्या अर्जावर आठ दिवस न होणारी सही, यांना तीस दिवसांचें अपील नाहीं. त्यांवर दैनंदिनी ठेवावी, अर्ज लेखी द्यावा, पोंच घ्यावी. जबाब देतांना विशेषणें गाळावीं. 'अन्यायी', 'मग्रूर' हे शब्द आपल्याच विरुद्ध पुरावा होतात. तारीख, वेळ आणि घडलेली गोष्ट एवढें पुरतें.

स्त्रियांच्या बाबतींत वरिष्ठाचें वर्तन मर्यादा सोडणारें असेल तर प्रकार निराळा. 2013 च्या कायद्याप्रमाणें दहा किंवा अधिक माणसें असलेल्या प्रत्येक कामाच्या जागीं अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागीं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातां येतें. तक्रारीची मुदत सामान्यतः तीन महिन्यांची. येथें तरी घरच्यांनीं "लोक काय म्हणतील" हा प्रश्न काढून ते दिवस खाऊं नयेत.

दुकानांत, कापसाच्या जिनांत हिशेब लिहिणाऱ्या मुलांस शाळांचा कायदा लागत नाहीं. त्यांच्यासाठीं 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलांत आलेली वेतन संहिता आहे. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आंत, आणि काम सुटलें अथवा सोडलें तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. राहिलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत लावतां येतो.

राहतां राहिला तो कोरा कागद. नव्या उमेदवारापुढें तो आलाच, तर सरळ भांडण करण्याचें कारण नाहीं. "मजकूर घरीं वडिलांना दाखवून उद्यां आणतों" असें नम्रपणें म्हणावें. बहुधा कारकून तो परत मागून घेतो. आग्रहच झाला आणि सही करणें भाग पडलें, तर सहीखालीं आपल्याच हातानें त्या दिवसाची तारीख घालावी, आणि घडलेली हकीकत लिहून त्याच सायंकाळीं संस्थेच्या नांवें नोंदणी टपालानें पाठवावी. पोंचपावती नेमणुकीच्या आदेशाबरोबर एकाच पाकिटांत ठेवावी.