फुंका, आजी, फुंका

छातीविकार विभागातल्या पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या चाचणीच्या, खोलीतून सकाळभर एकच आरडाओरडा ऐकू येतो. "घ्या, घ्या, छाती भरून घ्या... आता सोडा जोरात! सोडत राहा, राहा, राहा!" ओरडतात त्या तंत्रज्ञ ताई. रक्ततपासणीला पेशंटने नुसता हात पुढे करायचा असतो. इथे जीव काढून फुंकावं लागतं, आणि तो जोर समोरच्याकडून काढून घेणं हेच ताईंचं काम. यंत्र निमित्तमात्र, असं माझं तरी मत झालं.

खुर्चीत साठी ओलांडलेल्या आजी. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. पहिल्या खेपेला त्यांनी गाल फुगवून हलकेच फुंकलं. पडद्यावरची रेघ जेमतेम उठली.

"आजी, चूल पेटवताय का?"

"मग! जन्मभर तेच केलं. एवढ्या जोरात फुंकलं तर राख डोळ्यांत जाईल की."

ताई हसल्या, पण 'चूल' एवढं कागदावर टिपून घेतलं. कधी विडी न ओढलेल्या बायकांच्या श्वासनलिकाही धुराने आकसतात.

यंत्र दोनच गोष्टी नीट बघतं: पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती. नळ्या मोकळ्या असतील तर ७० टक्क्यांहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात निघते. आकसलेल्या असतील तर ती रेंगाळते. लंडनच्या जॉन हचिन्सनने १८४६ मध्ये पाण्यावर उपड्या घातलेल्या भांड्याने फुप्फुसांची हवा मोजली, पण ती एकूण. सेकंदाचा हिशेब बराच नंतरचा.

आजींच्या बोटावरचा ऑक्सिमीटर मात्र ९६ दाखवत होता. नळ्या बऱ्याच आकसल्या तरी बसल्या जागी रक्ताला ऑक्सिजन पुरू शकतो. बोटावरच्या आकड्यावर विसंबणाऱ्यांचा आजार म्हणूनच उशिरा सापडतो.

तीन फुंकरी तरी नीट जमाव्या लागतात, आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात. १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. मग पंपाने औषध, पंधरा मिनिटं बाकावर, आणि पुन्हा तीच झटापट. दमा असेल तर आकडा बहुधा चांगला वर चढतो. आजींचा फारसा हलला नाही.

"पास झाले का गं?"

"फुंकलंत झकास. बाकीचं डॉक्टर सांगतील."